गाडीचा दवाखाना : पिकअपची हवा आणि धूर

गळीत हंगाम तोंडावर आला की या सदराकडे पिकअपवाल्यांची पत्रं वाढतात. या खेपेला बहुतेकांचा सूर एकच आहे: फिल्टर मोठा टाकू का, आणि सायलेन्सर मोकळा करू का? म्हणून हा अंक हवा आत घ्यायच्या आणि धूर बाहेर टाकायच्या वाटेला दिला आहे. पत्रं थोडी कापली आहेत, बोली तशीच ठेवली आहे.

प्रश्न : बोलेरो पिकअप आहे, २०१६ची. मार्केट यार्डातनं गुळाचे रवे भरून गगनबावड्यावरनं कणकवलीला जातो, येताना जांभा चिरा भरतो. करूळ घाटात गाडी दुसऱ्याच्या वर जातच नाही आणि मागं काळा धूर सोडतीया. उद्यमनगरातला मिस्त्री म्हणतोय, कोन फिल्टर बसवू, पाइप अडीच इंची करून सायलेन्सर मोकळा सोडू, १५ हॉर्सपॉवर वाढतील. करू का? (कळंबा)

आत्ता तरी नको. डिझेल इंजिनात ताकद डिझेलची असते, हवा फक्त ते जाळायला लागते. डिझेल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो, जुन्या गाडीत पंप ठरवतो. फिल्टर बदलला म्हणून कोणी डिझेल वाढवून देत नाही, मग १५ हॉर्सपॉवर येणार कुठून?

आता हिशेब बघा. तुमचं इंजिन २५२३ सीसीचं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एक पुरा श्वास घेतं, म्हणजे ३२०० आरपीएमला मिनिटाला साधारण ४,००० लिटर. टर्बोचा, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याचा, दाब धरला तर सहा हजारांच्या आसपास. कंपनीचा फिल्टर आणि त्याचा डबा एवढी हवा द्यायलाच बनवलेला असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब मुळातच ९५ किलोपास्कलच्या जवळपास असतो. फिल्टर कितीही भारी टाकला तरी त्यातले दोन किलोपास्कल वाचतील, म्हणजे दोन टक्के. तेही टर्बो आपोआप भरून काढतोच.

पण तुमच्या पत्रात मिस्त्रीच्या सल्ल्यापेक्षा मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे काळा धूर. ताकद कमी आणि काळा धूर, तर बहुतेक हवा कमी पडतेय. ताकद कमी आणि धूर अजिबात नाही, तर डिझेल कमी पडतंय: डिझेल फिल्टर, किंवा जुन्या पंपाच्या गाडीत पंपाच्या डोक्यावर जाणारी टर्बोची बारीक नळी फाटलेली. ही एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मे पैसे वाचतात. तुमची गाडी पूर्वी हाच लोड घेऊन तिसऱ्यात चढत असेल, तर नवीन हवा विकत घेण्याआधी जुनी कुठे जातेय ते शोधा.

पहिली तपासणी, फिल्टरच्या वाटेची. बाजारात मिळणारी ६ मिमीची पारदर्शक नळी तीन मीटर घ्या. चार फुटी फळीवर ती यू आकारात, दोन्ही बाजू मीटरभर उंच येतील अशी बांधा. निम्म्यापर्यंत पाणी भरा, पाण्यात शाईचे दोन थेंब टाका, मधे मीटरपट्टी चिकटवा. नळीचं एक तोंड उघडं ठेवा, दुसरं फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपाला जोडा. काही डब्यांवर यासाठी बुच मारलेली जागा असते. नसेल तर तो पाइप गाडीवरून काढून ५ मिमीचं भोक पाडा, कडा घासा, आतून धुवा आणि पितळी निपल बसवा. गाडीवर बसलेल्या पाइपात ड्रिल मारलं तर प्लास्टिकचा कीस थेट टर्बोच्या पात्यांवर जातो. मापन झालं की निपलला रबरी बुच आणि क्लिप लावायला विसरू नका.

मग गाडीत लोड भरून चढावर, तिसऱ्या गिअरमधे, पूर्ण पेडल दाबून शेजाऱ्याला पट्टी वाचायला सांगा. जागेवर उभी करून रेस देऊन काही कळत नाही. लोड नसताना टर्बो दाब देत नाही आणि हवा निम्मीच जाते. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक दीडशे ते तीनशे मिमी असेल तर फिल्टरला दोष नाही. डिझेल इंजिनांवरचे इंडिकेटर साधारण ६३५ मिमीला लाल होतात, पण हलक्या पिकअपला आम्ही चारशेच्या पुढे गेलं की फिल्टर बदला म्हणतो. नवा फिल्टर घालूनही आकडा उतरला नाही तर अडथळा फिल्टरच्या अलीकडे आहे. फिल्टर आतच ठेवून त्याच्या तोंडाकडचा पाइप सोडवा आणि पुन्हा मापा. उसाच्या फडात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या या पाइपात पाचट, चिंध्या, उंदराचं घरटं, काहीही सापडतं.

दुसरी तपासणी, टर्बोनंतरच्या गळतीची. काळ्या धुराचं खरं कारण आमच्या अनुभवात बहुतेक वेळा इथेच असतं. टर्बोच्या तोंडाला बसेल अशी पीव्हीसीची टोपी घ्या, तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा आणि टर्बोच्या तोंडावर क्लिपनं आवळा. ऑइल भरायचं झाकण काढून ठेवा, म्हणजे टर्बोच्या सीलमधून गेलेली हवा इंजिनाच्या तळाशी, क्रँककेसमधे कोंडणार नाही. कॉम्प्रेसरच्या रेग्युलेटरनं हळूहळू ५ पीएसआय, मग १०, फार तर १५. त्याच्या वर जायचं नाही, आणि टोपीच्या समोर तोंड करून उभं राहायचं नाही. आता साबणाचं पाणी होसच्या खालच्या बाजूला मारा. इंजिन हलतं, होस ब्रॅकेटला घासतो आणि खालून चिरतो. वरून बघितलं तर नवाकोरा दिसतो, आत दाब आला की फट उघडते. इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) प्लास्टिक टाकीची कड आणि क्लिपांखालची जागाही बघा. थोडी हवा इंजिनाच्या उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे जाईल, ती गळती नव्हे.

इथेही काही सापडलं नाही तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीनं उघडा अडकलाय का बघा, आणि इंटरकूलर मागच्या बाजूनं पाण्याच्या बारीक धारेनं धुवा. मोठा प्रेशर वॉशर मारू नका, पंख लवतात. एवढं करूनही धूर राहिला तर इंजेक्टर तपासायला द्या.

कोन फिल्टरबद्दल एक शेवटचं. तो बॉनेटखाली उघडा बसतो. बाहेर ४० अंश असताना तिथे ७० असणं काही विशेष नाही, आणि तीस अंशांच्या फरकानं हवा जवळपास नऊ टक्के विरळ होते. म्हणजे पैसे देऊन हवा कमी करून घ्यायची.

प्रश्न : वीटभट्टीवर गाडी चालते. दर महिन्याला एअर फिल्टर भरतोय. धुऊन परत वापरायचा तेल लावलेला कापडी फिल्टर घेतला तर परवडेल का? (शिरोळ तालुका)

भट्टीवर अजिबात नको. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो, आणि धूळ साठत जाते तसा तो आणखी बारीक गाळतो. कापडी फिल्टर हवा मोकळी सोडतो ती जाळी मोठी असल्यामुळेच. भट्टीची राख आणि मातीतली वाळू आत गेली तर टर्बोच्या पात्यांच्या कडा आणि पिस्टनच्या रिंगा खाते. शिवाय धुतल्यावर तेल जास्त लागलं की ते एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि ईसीयूला हवेचं माप चुकीचं कळतं.

फिल्टर साफ करायची आपल्याकडची रीत मात्र बदला. टायरवर आपटू नका, त्यानं कागदाच्या घड्या चिंबतात आणि कडेचं रबर वाकडं होतं. हवा आतून बाहेर मारा, दोन बारपेक्षा कमी दाबानं, नोझल हातभर लांब धरून. मग अंधारात फिल्टरच्या आत टॉर्च धरा. कुठे टाचणीएवढा जरी ठिपका चमकला तरी तो फिल्टर भंगारात टाका. असं साफ करणं फार तर दोनदा, तिसऱ्यांदा नवा घ्या. डब्याच्या खाली रबरी चोच असेल तर ती रोज दाबून धूळ सोडा.

महिन्यातून एकदा फिल्टरनंतरच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला तेलकट काळं लागलं तर हरकत नाही, ते इंजिनातली वाफ सोडणाऱ्या ब्रीदरचं ऑइल. पण लालसर, करकरीत माती लागली तर कुठूनतरी धूळ आत जातेय. बहुतेक वेळा डब्याची एक क्लिप तुटलेली असते आणि तिथे तार बांधलेली असते.

खर्च कमी करायचा असेल तर ट्रॅक्टरवर असतो तसा बाउलचा प्रीक्लीनर, म्हणजे फिल्टरच्या आधीच धूळ वेगळी करणारा, बसवता येतो का बघा. मात्र त्याचा पाइप मूळ पाइपापेक्षा बारीक नको, आणि बसवल्यावर वरची पाण्याची नळी लावून आकडा एकदा मापा.

प्रश्न : बीएस-६ पिकअप आहे, सकाळ-संध्याकाळ गावोगावचं दूध गोळा करायला. आठ-पंधरा दिवसांतून एकदा डीपीएफचा दिवा लागतो, गाडी ओढत नाही. एक जण म्हणतो, डीपीएफ आतून फोडून सरळ पाइप टाकू आणि ईसीयूला मॅप मारू, कटकटच मिटेल. (गडहिंग्लज)

कटकट मिटत नाही, तिचं नाव बदलतं. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मधे अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वॉरंटीही हातची जाते. दुधाच्या गाडीला दर वेळी पासिंग आणि पीयूसी चुकत नाही, हेही लक्षात घ्या.

तुमचा खरा रोग वेगळा आहे. डीपीएफमधे साठलेली काजळी जाळायला आत ५५० ते ६०० अंश तापमान लागतं. त्यासाठी ईसीयू जास्तीचं डिझेल सोडतो आणि ते काम पुरं व्हायला पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी पळावी लागते. तुमची गाडी दर दोन किलोमीटरला कॅन भरायला थांबते. जाळायचं काम सुरू होतं, अर्ध्यात तुटतं, आणि न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमधे उतरतं. ऑइलची पट्टी बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर ते ऑइल आधी बदला. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बो जास्त दिवस काढत नाही.

आता करायचं काय. स्कॅनर लावून चार आकडे लिहून घ्या: काजळी किती, राख किती, डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक किती, आणि मागचं रीजन (काजळी जाळायचं काम) किती किलोमीटरपूर्वी झालं. मग हे तपासा:

- दाबाच्या सेन्सरला जाणाऱ्या दोन बारीक रबरी नळ्या. एक जरी चिरली किंवा काजळीनं बुजली तरी आकडा खोटा येतो.
- थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला असेल तर इंजिन पुरं तापत नाही आणि ईसीयू रीजन सुरूच करत नाही. थंडीत ही तक्रार वाढते. स्वस्तातला पार्ट आहे आणि याच्याकडे कोणी बघत नाही.
- वरच्या उत्तरातली टर्बोची गळती आणि ईजीआर. इंजिन जास्त काजळी करत असेल तर डीपीएफ भरणारच, त्याचा काय दोष?
- ऑइल. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. काजळी जळते, राख जळत नाही. ती कायमची आत बसते.

सगळं ठीक असेल तर आठवड्यातून एकदा दूध पोचवल्यावर गाडी हायवेला काढा आणि एक गिअर खाली ठेवून २,००० ते २,५०० आरपीएमला वीस मिनिटं चालवा. उभ्या गाडीवर सर्व्हिस रीजन करायचं असेल तर खाली काँक्रीट किंवा मोकळी माती पाहिजे. वाळलेलं गवत, पाचट, कडब्याची गंजी जवळ असेल तर ते काम तिथे करायचंच नाही. डीपीएफच्या शेपटाकडून येणारा वारा पाचट पेटवायला पुरेसा असतो.

राखेचा आकडाच वर गेला असेल तर डीपीएफ काढून मशीनवर साफ करून घ्यावा लागतो. आत पाण्याचा पाइप घालून धुणारे भेटतात, त्यांच्या हातात देऊ नका. आतली सिरॅमिकची जाळी सुटली तर मग खरोखरच नवा घ्यावा लागेल.

प्रश्न : मासळीची गाडी, रत्नागिरीहून आंबा घाटातनं कोल्हापूर. वर्षाच्या आत सायलेन्सर आणि मागचा पाइप सडतो. गाडी जुनी, बीएस-३. स्टेनलेसचा करून घेऊ का, आणि करायचाच तर तीन इंची करू का? (शाहूपुरी)

स्टेनलेस करा, तीन इंची करू नका.

आधी सडण्याचं कारण. बर्फाचं वितळलेलं खारं पाणी हौद्याच्या फटीतून नेमकं गरम पाइपावर टपकतं. पाणी उडून जातं, मीठ राहतं. त्यामुळे पहिला खर्च पाइपाचा नव्हे, हौद्याच्या तळाला उतार देऊन पाणी एका नळीनं मागच्या चाकाच्या पलीकडे सोडायचा. ते न करता भारीतल्या ३०४ स्टेनलेसचा पाइप घातला तरी हँगर आणि ब्रेक पाइप सडतच राहतील. आणि ब्रेक पाइप सडणं सायलेन्सर सडण्यापेक्षा कितीतरी वाईट.

धातूचं म्हणाल तर ४०९ स्टेनलेस स्वस्त आहे, पण मिठापुढे त्यावर तांबूस गंज चढतो. मासळीच्या गाडीला ३०४, दीड मिमी जाडीचा. त्याची एक खोड आहे: तापल्यावर तो साध्या लोखंडापेक्षा जास्त वाढतो. अडीच मीटर पाइप अडीचशे अंशांनी तापला तर लोखंडाचा सात-आठ मिमी वाढेल, ३०४चा दहा-अकरा. म्हणून टर्बोच्या खालच्या पाइपानंतर जाळीचा लवचिक बेलो हवाच, आणि पुढचे हँगर रबरी. फिटरनं मजबुतीच्या नावाखाली चेसीला थेट वेल्डिंग मारलं तर सहा महिन्यांत फ्लँजला तडा जातो आणि दोष स्टेनलेसवर येतो. जुन्या लोखंडी फ्लँजला ३०४ जोडताना ३०९चा रॉड वापरायला सांगा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची, आणि ईसीयू असलेल्या गाडीत त्याचा कनेक्टरही. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या शेजारीच लावा, चेसीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे.

आता व्यासाचं. पाइपातला अडथळा व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. दोन इंचाचा अडीच केला तर अडथळा एक तृतीयांश उरतो, एवढा फायदा घेण्यासारखा आहे. अडीचचा तीन केला तर उरलेल्या त्या छोट्या आकड्यातून आणखी थोडं वाचतं, आणि बदल्यात पाइप कमानीपट्ट्यांना, ब्रेक पाइपला, स्टेपनीला घासतो. अडीच लिटरच्या मालवाहू गाडीला सव्वादोन ते अडीच इंच पुष्कळ झालं. वाकण मात्र गोल ठेवणाऱ्या मशीनवरच घ्या. साध्या प्रेसवर वाकवलेला अडीच इंची पाइप वळणावर चपटा होऊन दोन इंचाचा होतो, मग वरचा सगळा हिशेब फुकट.

'टर्बोला बॅक प्रेशर लागतं' असं तुम्हाला दहा जण सांगतील. टर्बोनंतरच्या पाइपात दाब जेवढा कमी तेवढं बरं, हे साधं आहे. पण सायलेन्सर ठेवायचा. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० प्रमाणे पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, लायसन्स तीन महिने रद्द होऊ शकतं. सरळ आरपार छिद्राचा, लोकर भरलेला सायलेन्सर अडथळाही कमी करतो आणि आवाजही मारतो.

पाइप बसल्यावर ब्रेक आणि डिझेलच्या नळ्यांपासून निदान चार बोटं अंतर आहे का, ते लोड भरून बघा. रिकाम्या गाडीला सगळं अंतर दिसतं.

प्रश्न : २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत गाडी अडकली. स्नॉर्केल बसवला तर पाण्यातनं काढता येईल ना? (प्रयाग चिखली)

पंचगंगेच्या वाहत्या पाण्यात गाडी घालायचा परवाना म्हणून स्नॉर्केलकडे (उंचावरून हवा आत घेणारा उभा पाइप) बघू नका. हायवेला शिरोलीजवळ पाणी आलं तेव्हा ट्रक थांबले होते, पिकअप हलकी, तिला पाणी ढकलून नेतं. स्नॉर्केलचा उपयोग एवढाच की गुडघाभर साचलेल्या पाण्यात पुढच्या गाडीची लाट उसळून फिल्टरच्या तोंडात जात नाही. पाणी दबत नाही. पेलाभर पाणी सिलिंडरमधे गेलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो.

बसवायचाच तर या चुका टाळा. फिल्टरच्या डब्याला खाली पाणी जायचं भोक असतं. स्नॉर्केल बसवला आणि ते भोक उघडंच राहिलं तर पाणी तिथूनच वर येतं. तिथे एका बाजूनं उघडणारी रबरी चोच बसवा. फेंडरमधल्या प्रत्येक सांध्याला सिलिकॉन आणि क्लिप दोन्ही. खात्री करायला इंजिन आयडलला ठेवून स्नॉर्केलचं तोंड तळहातानं झाका. इंजिन दोन-तीन सेकंदांत गुदमरून बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर कुठूनतरी हवा घेतंय, आणि तिथूनच पाणीही घेईल. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरला नळी जोडून ती वर नेली नाही तर ऑइलचा दुधाळ चहा होतो. हाही रचनेतला बदल आहे, म्हणून आधी आरटीओत विचारा आणि कंपनीची ॲक्सेसरी मिळत असेल तर तीच बिलासकट घ्या.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. गाडी ओढून बाहेर काढा आणि फिल्टर काढून बघा. तो भिजलेला असेल तर ग्लो प्लग काढून इंजिन हातानं फिरवा आणि पाणी बाहेर येऊ द्या.

प्रश्न : नवीन इसुझू व्ही-क्रॉस आहे. ट्यूनिंग बॉक्स, बाहेरच्या देशातली टर्बोपासून मागेपर्यंतची तीन इंची किट आणि मोठा इनटेक, असं एकदम करावं म्हणतो. क्रम कसा ठेवू? (राजारामपुरी)

टर्बोपासून मागेपर्यंतच्या किटमधे बहुतेक वेळा डीपीएफला जागाच नसते. ती बीएस-६ गाडीला लावायची नाही, कारणं वर आलीच. डीपीएफच्या मागचा पाइप आणि सायलेन्सर बदलून वजन थोडं कमी होतं, आवाज थोडा जाड होतो, ताकदीत कळण्यासारखा फरक पडत नाही. ठरावीक वेगाला केबिनमधे घुमणारा गूं आवाज मात्र हमखास मिळतो. पन्हाळ्यापर्यंत तो गोड वाटतो, पुण्यापर्यंत डोकं उठतं.

ट्यूनिंग बॉक्स डिझेल वाढवतो, म्हणून फरक खरोखर जाणवतो. पण त्याबरोबर धुराचं तापमान वाढतं. टर्बोच्या आधी ते सलग ७०० अंशांच्या वर राहिलं तर पिस्टन आणि टर्बो दोन्ही धोक्यात. हा आकडा बघायचा काटा न बसवता बॉक्स लावणं म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून घाट चढणं. वॉरंटी असेपर्यंत आमचा सल्ला: यातलं काहीच नको. टायर आणि सस्पेन्शनला पैसे घाला.

प्रश्न : फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं की टर्बोची शिट्टी झकास ऐकू येते आणि गाडी जास्त पळते असं वाटतं. खरंच पळते का? (कागल)

शिट्टी खरी, पळणं नाही. झाकण आवाज अडवत होतं, ते गेलं. घड्याळ लावून तोच चढ दोन वेळा चढून बघा. आणि शिट्टी झाकण लावूनही पूर्वीपेक्षा जास्त येत असेल तर होस फाटलाय किंवा टर्बोचा शाफ्ट ढिला झालाय. शाफ्ट आत-बाहेर हलता कामा नये, बाजूला केसभर हलला तर चालतं.

प्रश्न : सायलेन्सरच्या खाली बारीक भोक पडलंय, सकाळी त्यातनं पाणी गळतं. वेल्डिंग मारून घेतलं तर चालेल का? (उचगाव)

नका मारू. कडा गंजलेल्या, वाकड्यातिकड्या असतील तर तो सडलेला पत्रा. पण भोक गोल, तीनेक मिमीचं आणि सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी असेल तर ते कंपनीनंच पाडलेलं आहे. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, आणि गार सायलेन्सरमधे त्यातलं थोडं साठतं. भोक बुजवलं तर ते आतच राहून पत्रा खातं. पावसाळ्यात चिखलानं बुजलं असेल तर बारीक तार घालून मोकळं करा.